तारखेची पट्टी

बारकू पेंटर माणसं पायांवरून ओळखायचा. मुरबाडच्या बाजारात त्याच्या टपरीसमोरून दिवसभर पाय जात. भेगाळलेल्या टाचांचे, जोडव्यांचे, एकाच बाजूने झिजलेल्या चपलांचे. मान वर न करता तो म्हणायचा, "कोण, सावळीबाय ना? गुडघा परत धरला वाटतं." सावळीबाई थबकायची आणि पदर तोंडावर ओढून झपाझप पुढे निघून जायची. बारकूने आपलं तोंड पाहू नये म्हणून तो पदर.

कारण बारकू मेलेल्या माणसांची चित्रं काढायचा.

तसं रंगाचं कुठलंही काम त्याला वर्ज्य नव्हतं. दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, चौदा एप्रिलचा फलक, सगळं त्याच्याच हातचं. पण नाव झालं ते दुसऱ्याच कामाने. माणूस गेलं की तेराव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला, आणि बौद्धवाडीत पुण्यानुमोदनाला, त्याचा मोठा रंगीत फोटो लागतो. हयातीत फोटो काढून ठेवायचं कुणाच्या ध्यानात असतं? मग ट्रंका उपसल्या जात. लग्नातल्या घोळक्याचा फोटो, एसटीचा पास, मतदानाच्या कार्डावरचा करवंदाएवढा चेहरा, मिळेल ते घेऊन लोक बारकूकडे येत. तो त्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडी, हार्डबोर्डवर तेवढेच मोठे चौकोन पाडी, आणि एकेक चौकोन करत माणूस वाढवत नेई. आधी डोळे. डोळे लागले की बाकीचं तोंड आपल्या पायाने चालत येतं, असं तो म्हणे. माणूस छातीपर्यंत, त्याच्या मागे निळा रंग, आणि तळाला चार बोटं रुंद पांढरी पट्टी. पट्टीवर नाव, जन्म, मृत्यू. कुणब्यांच्या ओटीवर तो निळा म्हणजे आभाळ, बौद्धवाडीत तोच निळा म्हणजे झेंड्याचा. एकच डबा दोन्हीकडे चालायचा.

मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत आणि तिकडे शहापूरच्या अंगालाही घरोघरी त्याची निळी माणसं टांगलेली होती. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही ती पांढरी पट्टी वाचता यायची.

म्हणून जिवंत माणूस त्याच्या नजरेला भ्यायचा. चहाच्या हॉटेलात त्याने कुणाकडे जरा निरखून पाहिलं की तो ओरडायचा, "काय रे बारकू, माप घेतोस काय?" सगळे हसायचे. बारकूही हसायचा. पण हसू ओसरलं की त्याच्या बाकावरची माणसं काहीतरी निमित्त काढून उठत आणि तो एकटाच बशी धरून उरे. हळूहळू त्याने नजर खाली नेली. एकदा खाली गेलेली नजर मग तिथेच राहायला लागली. साऱ्या तालुक्याचे मेलेले चेहरे त्याला तोंडपाठ होते, आणि जिवंतांचे फक्त पाय.

त्याची बायको पौर्णिमा तेवढी भ्यायची नाही. एकदा सुपात तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "माझा काढा की एकदा."

"आत्ताच कशाला?"

"मग कवा? मेल्यावर? मेल्यावर मी बघू कशी?"

"गप गो. भलतंसलतं बोलू नको."

ती हसली आणि तिने सूप आपटलं. बारकू मात्र दाराबाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांच्या ज्या भीतीला तो मनातून हसायचा, ती त्याच्याच पोटात घर करून होती. त्यानंतर तो बायकोकडेही नीट बघेनासा झाला. लावणीला जाताना ती बांधावरून पुढे चालायची आणि तो मागून तिच्या टाचा बघत चालायचा.

एक्क्याण्णव सालच्या श्रावणात पौर्णिमाला ताप भरला. कल्याणला नेताना रायत्याच्या पुलावर, गाडीतच तिने मान टाकली. पोरबाळ नव्हतं. फोटो एकच निघाला, जयंतीच्या मिरवणुकीतला. त्यात ती मान वळवून कुणाशीतरी बोलत होती, म्हणजे दिसत होता तो अंबाडा आणि एक कान. बारकूने बोर्ड घेतला. निळा लावला, पट्टी ओढली, तिचं नाव घातलं, दोन्ही तारखा घातल्या. मग डोळ्यांपाशी आला आणि हात थांबला. अठरा वर्षं एका चुलीपाशी बसलेली बाई, तिच्या भुवया जाड होत्या का पातळ, त्याला सांगता येईना. पुण्यानुमोदनाला बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारची जागा मोकळी राहिली. मागे बसलेलं कुणीतरी हळूच म्हणालं, "जगाचं रंगवलं, घरचं राहिलं."

तो बोर्ड त्याने दाराच्या मागे टांगला. निळा रंग, खाली नाव, दोन तारखा. मध्ये कुणीच नाही.

सत्त्याण्णव साल असेल. माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडे एका संस्थेचा वीस खाटांचा दवाखाना होता. 'येथे थुंकू नये' लिहायला बारकूला तिथे बोलावलं. अक्षर बघून तिथल्या डॉक्टरबाई खूश झाल्या. मेघा त्यांचं नाव. पुण्याकडच्या, तिशीच्या, केस कापलेल्या.

"बारकूकाका," त्या म्हणाल्या, "बाहेरच्या खोलीत लोक सकाळपासून बसतात. भिंती कोऱ्या. बघायचं काय, तर एकमेकांच्या जखमा. तुमची चित्रं लावली तर?"

चित्रं लावायची, आणि तीही दवाखान्यात! बारकू दुसऱ्याच दिवशी तीन बोर्ड काखेत मारून हजर झाला. एकात हरणाची जोडी, एकात नारळ आणि शिडाची होडी, एकात बर्फाचे डोंगर.

डॉक्टरबाईंनी मान तिरकी केली. "हे कुठलं गाव?"

"कॅलेंडरातलं," बारकू खरं ते बोलला.

"छान आहेत. पण इथलं हवं मला. म्हसा गावच्या जत्रेतले बैल काढा, भाताची लावणी काढा. आणि इथली माणसं. येणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे आपलंच घर आहे."

कोपऱ्यात फरशी पुसणारी बाईजा आया फिस्सकन हसली. "बाई, ह्यांनी इथली मानसं काढली ना, तर दवाखान्यात कुत्रं फिरकायचं नाय. पेंटरदादाचा फोटो म्हंजे मानूस गेल्याची पावती."

"मग तुझाच काढू देत आधी."

"नको गो बाय! मना अजून दोन पोरी उजवायच्यात."

बारकू पायांकडे बघत उभा होता. डॉक्टरबाईंच्या चपला त्याच्या समोर येऊन थांबल्या. "काका, मागच्या खोलीत मंगळी आहे. दीड महिना झाला. तिला भेटायला कुणी आलेलं नाही. तिला विचारून बघा."

मंगळी डोंगरावरच्या ठाकूरवाडीची. गवत कापताना बांबूचा खुंट पायात घुसला, वाडीत पाला बांधून महिना काढला, तोवर पाय काळा पडला. लेकाने, लखमाने, पाठीवर घालून दोन तास डोंगर उतरवून तिला इथे आणलं आणि बायकोला घेऊन तो वीटभट्टीवर निघून गेला. डॉक्टरबाईंनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून टाकलं तेव्हा बाकीचा पाय वाचला. त्या पायाला पोटरीपर्यंत पट्ट्या होत्या.

तिच्या वाडीत कुणी फोटो टांगत नव्हतं. गेलेलं माणूस तिथे फोटोत राहत नसे. त्यामुळे बारकूने घाबरत विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "काढ की. मना काय काम हाय?"

मागच्या व्हरांड्यात ती स्टुलावर बसायची, पट्टीचा पाय उलट्या डब्यावर ठेवून त्यावर चादर घालायची. बारकू समोर बसायचा. पहिल्या दिवशी त्याच्या हातून रेघ उमटली नाही. फोटोतले डोळे कसे, जागचे हलत नाहीत, कितीही बघा. हे डोळे उलटून त्याच्याकडे बघत होते. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटावी, तशी त्याला वाटली.

"काय रं? भ्यालास?" मंगळीने विचारलं.

"नाय. सवय नाय, बाय."

"तू मेल्याली मानसं काढतोस म्हनं."

"हां."

"त्यांना कळतं का रं, तू काढलीस ती?"

"मेल्यावर कसं कळेल?"

"मंग फुकटच की," ती म्हणाली आणि कोंबडीसारखी मान हलवून हसली. बारकूच्या हातातली पेन्सिल थांबली. सुपातले तांदूळ आपटल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

तो रोज नऊच्या एसटीने येऊ लागला. त्याने चौकोन पाडले नाहीत. जिवंत माणसावर चौकोन कुठे पाडणार? मंगळी बोलायची आणि तो बघायचा. बोलताना तिची डावी भुवई वर चढायची. मोहाचं बोलताना डोळे मिटायचे, सुनेचं बोलताना ओठ. तिच्या कपाळावर गोंदण होतं, ते सुरकुत्यांत बुडून वर यायचं. बाईजाने दिलेल्या पेजेतली अर्धी ती त्याच्यासाठी झाकून ठेवायची. पौर्णिमा गेल्यापासून त्याच्या वाटणीचं कुणी काही झाकून ठेवलं नव्हतं.

रस्त्यावर एसटीचा आवाज आला की मंगळीची मान फाटकाकडे वळायची.

"ही कुठली गाडी रं?"

"नगरची."

"हितं थांबल?"

"थांबते. हात दाखवला की."

गाडी थांबायची. कुणीतरी उतरायचं. लखमा नसायचा. मंगळी पुन्हा बारकूकडे तोंड करायची, पण मघाचं तोंड ते नसायचं. बारकूने तेच धरलं. फाटकाकडून परत वळलेलं तोंड.

चार दिवसांचं काम त्याने अकरा दिवस पुरवलं. एकदा गालाचा रंग चुकला म्हणाला, एकदा तेल संपलं म्हणाला. बाईजाला कळत होतं. "पेंटरदादा, गाल चुकला का पेज गोड लागली?" ती म्हणायची. बाराव्या दिवशी लांबवण्यासारखं काही उरलं नाही.

त्याने चित्र तिच्यासमोर धरलं. मंगळीने आयुष्यात आरशातही स्वतःला एवढं बघितलं नसेल. मग तिने बोट खाली नेलं. "पाय कुठंत?"

"फोटोत पाय नसतात, बाय."

"पाय नाय तर घरला जाऊ कशी?"

बारकू हसला. बाईजा हसली. मंगळी हसली नाही.

आणि बारकूच्या हाताने व्हायचं ते करून ठेवलंच होतं. तीस वर्षांची सवय. चेहरा नवा होता, पण त्याच्या मागे त्याने तोच निळा भरला होता, आणि तळाला तीच चार बोटं पांढरी पट्टी ओढली होती. पट्टीवर डाव्या अंगाला 'मंगळी' एवढंच लिहिलं होतं. पुढची जागा मोकळी. त्याला स्वतःला ते दिसलंच नाही. डॉक्टरबाई पुण्याकडच्या, त्यांना पट्टी वाचता येत नव्हती. बाईजा रोज जित्या मंगळीला पेज देत होती, तिचं पट्टीकडे लक्षच गेलं नाही.

गुरुवारी बाहेरच्या खोलीत तीन चित्रं लागली. एका बाजूला म्हशाच्या जत्रेतले बैल, एका बाजूला लावणी, मध्ये मंगळी.

सोमवारी बारकू आला तर मंगळीच्या चौकटीवर झेंडूचं फूल खोचलेलं. खिडकीच्या फटीत विझलेली उदबत्ती. त्याच्या चित्राला कुणी, कुणाच्या मरणाशिवाय, फूल वाहिलं होतं! एक म्हातारी समोर उभी राहून हात जोडत होती. बारकूने पुढे होऊन चित्र जरा सरळ केलं आणि भिंतीला टेकून बाजूला उभा राहिला, कुणी विचारलं तर सांगावं म्हणून. कुणी विचारलं नाही. त्याच्याकडे बघून लोकांनी फक्त नजर खाली घातली.

झालं होतं ते असं. डोंगराच्या पायथ्याचा काळूराम सुनेला घेऊन दवाखान्यात आला होता. मंगळी त्याच्या ओळखीची. करवंदं विकायला ती त्याच्या दारावरून जायची. त्याच्या ओटीवर त्याच्या बापाचा बारकूने काढलेला फोटो होता. तोच निळा, तीच पट्टी. भिंतीवर मंगळी बघितली, आणि काळूरामने कुणाला काही विचारलं नाही. मेल्या माणसाची चौकशी दवाखान्यात करू नये, पाठीमागचा आजारी माणूस घाबरतो. फूल वाहिलं, उदबत्ती लावली आणि घरी जाऊन वाडीला निरोप धाडला. मंगळी त्या वेळी मागच्या व्हरांड्यात, वीस पावलांवर, लसूण सोलत बसली होती.

वाडीचा निरोप भट्टीवर पोचला, आणि बुधवारी दुपारी फाटकातून पाच माणसं आत आली. अनवाणी, डोक्याला काही नाही. दोघांच्या खांद्यावर दोन लांब बांबू, तिसऱ्याच्या हातात काथ्याची दोरी. पुढचा माणूस बैलांच्या आणि लावणीच्या मध्ये, मंगळीच्या समोर, मटकन बसला.

"आमची आय द्या," तो म्हणाला.

बाईजा बादली घेऊन आली. "कुठली आय रं बाबा?"

त्याने बोट वर केलं.

"ही?" बाईजाच्या हातून फडकं पडलं. "अरं, ही मागं पेज पिते की!"

बारकू व्हरांड्यातच होता. चित्र संपलं तरी तो यायचा राहिला नव्हता. लखमा दारात येऊन उभा राहिला, त्याच्या मागे बांबूवाले. मंगळीने वाटी खाली ठेवली आणि बांबूंकडे पाहिलं.

"कोन मेलं रं?"

लखमाचं तोंड उघडं राहिलं. "तू."

"मी?" मंगळीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं मेले. नायतर आला असतास का?"

लखमा तिच्या पट्टीच्या पायापाशी बसला आणि मोठी माणसं रडत नाहीत तसा रडला. "भट्टीवाला सोडत नाय, आये. तीनदा मागितली सुट्टी. आय मेली म्हनलं तवा सोडलं."

"किती दीस दिलंत?"

"तीन."

"मंग तीन दीस मेलेली हाय मी," मंगळी म्हणाली. "जेवलास का?"

तो जेवला नव्हता. पाचही जण जेवले नव्हते. मयताला निघालेली माणसं कशी जेवणार? बाईजाने भाताचं पातेलंच आणून ठेवलं. जेवता जेवता लखमाची नजर बारकूच्या रंगाच्या डब्यांवर गेली आणि घास हातात राहिला.

"तू काढलास तो?"

"हां."

"जिती बाई भिंतीवर टांगलीस? पट्टी मारून?"

पट्टी. बारकूच्या डोळ्यांसमोर तेव्हा ती पट्टी पहिल्यांदा आली. पांढरी, मोकळी, तारखेची वाट बघणारी. मंगळीच मध्ये बोलली, "बोलू नको रं त्याला. त्यानं काढला म्हनून तू आलास. दोन म्हयने मी जिती व्हते, तवा कुनाला खबर लागली?"

डॉक्टरबाईंनी शुक्रवारी मंगळीच्या पायाची पट्टी सोडली. जखम कोरडी होती. जायला हरकत नाही, म्हणाल्या. त्या दिवशी सकाळी बाईजाने व्हरांडा नुकताच पुसला होता. बांबूंना चादर बांधून लखमाने डोली केली होती. तिरडीसाठी आणलेले बांबू ते. मंगळीला त्याचीच गंमत वाटत होती. पण फाटकापर्यंत ती डोलीत बसायला तयार होईना.

"आले ती पाठीवर. जाताना चालत जाईन."

एका हाताने भिंत, एका हाताने लखमा, अशी ती निघाली. बारकू खांबाशी उभा होता. त्याच्यासमोर आली तेव्हा थांबली. त्याने मान वर केली. अकरा दिवस बघितलेलं तोंड आज निराळंच होतं. फाटकाकडे बघणारं आणि परत न वळणारं.

"पाय काढ रं माझं," ती म्हणाली. "तसंच नको ठेऊ."

फाटकात डोली उचलली गेली. दोन बांबू खांद्यांवर वरखाली होत रस्त्याच्या वळणाला लागले. त्यात मंगळीचा एक हात बाहेर होता. तो हलत होता, की डोलीच हलत होती, बारकूला कळलं नाही.

बाईजा फडकं घेऊन आली.

"थांब, बाईजा. पुसू नको."

ओल्या फरशीवर पावलं उमटली होती. एक पाच बोटांचं, एक तीन बोटांचं. पाच, तीन, पाच, तीन, दारापर्यंत. बारकू गुडघ्यांवर बसला आणि त्याने पावलं वाळायच्या आत खडूने त्यांच्याभोवती रेघ ओढली. टाचेची भेग, चवड्याचा फुगवटा, दोन बोटांची रिकामी जागा. पायांचं त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बाईजा बादली धरून उभी राहिली. तिने त्या दिवशी थट्टा केली नाही.

भिंतीवरचं चित्र उतरवून त्याने पट्टी खरवडली. 'मंगळी' नाव गेलं. त्या जागी त्याने ओली फरशी काढली, आणि फरशीवर मंगळीची दोन पावलं, समोर तोंड करून उभी. नुसतं छातीपर्यंतचं माणूस, आणि खाली एकदम पाय. मधलं धड नव्हतं. ज्याने त्याने आपल्या मनाने भरून घ्यावं. एवढे दिवस मेलेली माणसं काढली, पण पाय काढलेलं हे पहिलंच.

लोकांत बोलबाला झाला. बारकूने बाई मारली होती, ती उठून चालत घरी गेली! म्हणून काही कुणी बारकूसमोर स्टुलावर येऊन बसलं नाही. डॉक्टरबाईंनी दोघाचौघांना विचारलं. प्रत्येकाला त्या दिवशी शेतावर काम निघालं. पण पायाची जखम घेऊन आलेला माणूस पट्टी बांधायला आत जाण्याआधी चित्रातल्या तीन बोटांच्या पायाला हात लावून जाऊ लागला. हे कुणी सुरू केलं, सांगता येत नाही. वर्षभरात रंग झिजून हार्डबोर्ड दिसायला लागला. दर दिवाळीच्या आधी बारकू जाऊन ते पाय नव्याने भरायचा.

मग मुरबाडला संगणकावर फ्लेक्स छापणारा आला. वाढदिवस, जयंती, दहावं-तेरावं, सगळं तासाभरात रंगीत होऊन मिळू लागलं. मतदानाच्या कार्डावरचा करवंदाएवढा चेहरा मशीन क्षणात कलिंगडाएवढा करायची. बारकूची टपरी आधी एक दिवसाआड आणि मग बाजाराच्या दिवशीच उघडू लागली. डॉक्टरबाई बदलून गेल्या. बाईजा पोरी उजवून आसनगावला धाकट्या लेकीकडे राहायला गेली. वर्षाचं त्याचं म्हणावं असं काम एकच उरलं, मंगळीच्या पायांचं. एका दिवाळीला तो ब्रश घेऊन चित्रापुढे बसला होता, तर कुबडी घेतलेला एक बाप्या मागून म्हणाला, "ओ, सरका जरा. पायाला हात लावू द्या." बारकू सरकला. पायाचा ओला रंग त्या माणसाच्या बोटांना लागला. त्याने तो कपाळाला पुसला आणि आत गेला.

सन दोन हजार पाचच्या पौषात, म्हशाची जत्रा नुकतीच उठली होती तेव्हा, लखमा टपरीवर आला. बारकूने पाय ओळखले.

"लखमा ना?"

"हां. आय गेली."

बारकूने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"चालती होती," लखमा म्हणाला. "सकाळी लाकडं आनलीन, दुपारी गेली. पोरं म्हनतात आजीचा फोटो पायजे. आता वाडीत पन लावतात. दुसरा तर नाय. दवाखान्यात इचारलं, ते म्हनतात पेंटर देईल तर घेऊन जा."

दोघे एसटीने गेले. बारकूने चित्र उतरवलं. भिंतीवर मागे चौकोनी जागा राहिली, बाकीच्या भिंतीहून उजळ. लखमाने चित्र मांडीवर घेतलं आणि पंच्याने पुसलं.

"हितं तारीख लिव ना, पेंटर. सगळ्यांच्यावर असते."

बारकू चित्राच्या तळाकडे बघत राहिला. ओली फरशी आणि दोन पावलं. एक पाच बोटांचं, एक तीन.

"जागा नाय, लखमा."

लखमानेही पाहिलं. पाय पुसून कोपऱ्यात कुठे चार आकडे बसतील का, ते डोळ्यांनी मोजलं. मग मान हलवली. "नको मंग. पाय असू दे."

पंच्यात गुंडाळून, काखेत मारून, तो वैशाखऱ्याच्या बाजूने चालत निघाला. पंचा आखूड पडला होता. खालून ती दोन पावलं उघडी दिसत होती आणि लखमाच्या चालीबरोबर पुढे पुढे जात होती. वळण येईपर्यंत बारकू बघत उभा राहिला. मुरबाडच्या एसटीला त्याने हात दाखवला तेव्हा दोन गाड्या निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपरीवर गेला नाही. घराचं दार आतून लावलं तेव्हा दाराच्या मागचा बोर्ड समोर आला. चौदा वर्षं तो तिथे होता. चुलीच्या धुराने निळा काळवंडला होता. नाव आणि दोन तारखा तेवढ्या स्वच्छ वाचता येत होत्या. बारकूने बोर्ड उतरवला, खिडकीखालच्या उजेडात भिंतीला टेकवला आणि समोर जमिनीवर बसला. अंबाडा आठवला. एक कान आठवला. डोळे आज तरी येतील म्हणून तो बराच वेळ थांबला. आले नाहीत.

मग त्याची नजर सवयीने खाली गेली, आणि तिथे बांध होता. लावणीचा, चिखलाचा. पुढे दोन टाचा चालत होत्या. उजव्या टाचेला आडवी भेग, डावीला तीळ. अंगठ्याचं नख दगड लागून अर्धं गेलेलं, ते पुन्हा वाढताना वाकडं आलेलं. दुसऱ्या बोटातलं जोडवं सैल, पाऊल उचललं की मागे सरायचं आणि टेकलं की पुढे यायचं. अठरा वर्षं तो त्या टाचांच्या मागून चालला होता. त्यातलं काहीच पुसलं गेलेलं नव्हतं.

त्याने मातकट रंगाचा डबा उघडला. मोठा ब्रश बुडवून आधी तारखा झाकल्या. जाण्याची तारीख आधी, मग येण्याची. रंग वाळेपर्यंत तो तसाच बसून राहिला, हातात बारीक ब्रश धरून, अंगठ्याच्या त्या वाकड्या नखापासून सुरुवात करायला.